आपटून आलेली बातमी

शैला गेली, हे मला काल चार ग्रुपनी सांगितलं. मी एकावरही विश्वास ठेवला नाही.

चारही ठिकाणी एकच वाक्य, एकच फोटो. 'शिरोळहून येताना अपघातात निधन.' कुणी पाहिलं, कुणी कळवलं, पत्ता नाही.

म्हणजे मूळ मेसेज एकच. बाकी नुसतं फॉरवर्ड.

असा संशय घ्यायला मला तिनंच शिकवलं.

शाहूपुरीतल्या एका छोट्या कंपनीत आम्ही दोघं ट्रॅक्टरचे जीपीएस रिसीव्हर बनवायचो. उसाची सरी सरळ पडावी म्हणून. पण गुऱ्हाळाजवळ गेलं की स्क्रीनवर ट्रॅक्टर हातभर बाजूला दिसायचा.

सगळे म्हणाले, मशीन बिघडलंय. शैलानं गुऱ्हाळाच्या पत्र्याकडं बोट केलं.

"सिग्नल त्या पत्र्यावर आपटून येतोय, भावा. लांबनं फिरून येतोय म्हणजे उशिरा येणार. पयला आला त्यो खरा. मागनं येईल त्याला आत घ्यायचं न्हाय."

मग तिनं रिसीव्हरला तसंच वागायला शिकवलं. जमिनीवरून उसळणारा सिग्नल अडवायला अँटेनाखाली चक्क आईची परात ठेवली. चूक खरंच कमी झाली!

तिची आई, आमच्या काकू, मात्र कडाडल्या, "आता पीठ काय तुझ्या डोस्क्यावर मळू व्हय?"

मागच्या पुरात शैला वाहून गेल्याचा मेसेज असाच फिरला होता. मी रडत फोन लावला, तर बाई निवांत पोहे खात होती.

"माझ्याकडनं सरळ आलंय का ते? न्हाय न्हवं? मग रडतोस कशाला?"

म्हणून काल रडलो नाही. तिला फोन लावत राहिलो. रिंग जायची, उचलायचं कुणी नाही. घरी लावायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी तिच्या नंबरवरून फोन आला.

मी हॅलोही म्हटलं नाही. "मला वाटलंच होतं खोटं असणार!" म्हणून ओरडलो.

पलीकडं तिचे आबा होते.

"पोरा, तुझं लई मिस्ड कॉल दिसलं. आपली शैला न्हाय रं राहिली."

सगळ्यात उशिरा आलं ते. आणि तेवढंच सरळ आलं.

तुझा नियम चुकला, शैला. फार वाईट जागी चुकला.

परात अजून ऑफिसात अँटेनाखालीच आहे. काकू, आणून देईन. पण आज माझ्याच्यानं ती उचलवत नाही.

नीट जा, शैला.