कात्रीबाई आणि आमचा रेडिओ

माझी वहिनी पाचवीला वाचन शिकवते. शाळेत पोरं तिला पाठीमागे कात्रीबाई म्हणतात आणि तिला ते चांगलं ठाऊक आहे. अंगानं काटकुळी, चालणं भरभर. पिशवीत डबा नसला तरी चालेल, पण कात्री हवीच. धडा शिकवायचा म्हणजे आधी त्याची एक प्रत काढायची, वाक्य न् वाक्य कापून वेगळं करायचं, पट्ट्या मिसळायच्या आणि पोरांच्या पुढ्यात टाकायच्या. "लावा," एवढंच म्हणते. पोरं भांडतभांडत धडा जुळवतात आणि मग त्याची घडण कुठली ते तिला सांगतात. म्हणजे यात एकामागून एक काय झालं ते सांगितलंय, की कशामुळे काय झालं ते. दोन गोष्टींची तुलना आहे, की अडचण आणि तिच्यावरचा उपाय, की नुसतंच वर्णन. घडण कळली की मजकूर डोक्यात आपोआप बसतो, असं तिचं म्हणणं.

घरीही यातून सुटका नाही. एकदा मी शेजारणीशी झालेलं भांडण तिला अगदी रंगवून सांगत होते. ती शांतपणे म्हणाली, "अगं, हे सगळे परिणाम झाले. कारण कुठाय?" कारण सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी विषय बदलला. माझा दादा घड्याळं दुरुस्त करतो. त्यानं यावर सोपा उपाय काढलाय, तो बोलतच नाही.

तर अशा या बाईच्या वर्गात माझी मुलगी गेली. तिला आम्ही घरात रेडिओ म्हणायचो. मी शिवणकाम करते. दुपारी माझं मशीन सुरू झालं की ती शेजारी बसून मोठ्यानं वाचायची, आणि मशीन आणि ती दोघंही एका दमात धावायची. कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही. ब्लाउज टाकायला आलेल्या बायका तोंडात बोट घालायच्या. मी वरवर "काय कौतुक त्यात" म्हणायचे आणि आतून फुगायचे.

पहिल्याच महिन्यात वहिनीनं माझ्या फुग्याला टाचणी लावली. "ती वाचत नाही गं, आवाज करते. काय वाचलंस विचारलं की माझ्याच तोंडाकडे बघते." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला कापलेलंच वाचन आवडतं, त्याला ती काय करणार?" ती हसली. तिचं ते हसणं मला नेहमीच राग आणतं, कारण त्यानंतर भांडायला काही उरत नाही.

वर्षाच्या शेवटी वाचनाच्या परीक्षेत रेडिओ बंद पडला. बाकी सगळ्या विषयांत पास, वाचनात नापास. सुट्टीनंतर मुख्याध्यापिका स्वतः पुन्हा परीक्षा घेणार होत्या. त्यात जमलं तर सहावी, नाहीतर मैत्रिणी वरच्या मजल्यावर आणि ही पुन्हा पाचवीच्या बाकावर. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही. आणि नापास केलं कोणी, तर तिच्या सख्ख्या मामीनं.

मी तावातावानं दादाच्या घरी गेले. "चार मार्क इकडचे तिकडे केले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

"सहावीची पुस्तकं जाड असतात," वहिनी म्हणाली. "तिथे ही बुडाली तर तिला वर काढायला मी नसेन."

दादानं डोळ्याचं भिंग काढलं, आमच्या दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा लावलं. मी पाय आपटत निघून आले.

आठवडाभरानं वहिनी आपणहून आली. मशीनजवळच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. उगाच तुझ्यावर आणि पोरीवर ढकलत होते." मी पायडल थांबवलं. वहिनी चूक कबूल करतेय म्हणजे काहीतरी मोठंच असणार.

झालं होतं ते असं. घडण लवकर ओळखता यावी म्हणून तिनं पोरांना खुणेचे शब्द शिकवले होते. "कारण", "म्हणून" दिसलं की लाल गोल. "आधी", "नंतर" दिसलं की निळा. "परंतु" दिसलं की हिरवा. पोरं या कामात इतकी तरबेज झाली की धडा वाचायची गरजच उरली नाही. शब्द शोधायचे, गोल करायचे, उत्तर लिहायचं. परीक्षेचा उतारा मात्र मुख्याध्यापिकांनी निवडला होता आणि त्यात यातला एकही शब्द नव्हता. नदीला पूर आला, पूल वाहून गेला, गावानं होड्या बांधल्या. अर्धा वर्ग हातात लाल पेन्सिल धरून "म्हणून" कुठे दिसतोय का ते शोधत बसला. बाकीची कशीबशी काठावर सुटली. आमच्या रेडिओनं तर खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, "या उताऱ्यात काहीच घडत नाही."

मला इतकं हसू आलं की राग कुठल्या कुठे गेला. वहिनीही हसली, पण लगेच गंभीर झाली. "मी त्यांना पाट्या वाचायला शिकवलं. पाटी नसलेल्या रस्त्यावर सगळी उभीच राहिली. सुट्टीत रोज संध्याकाळी तिला माझ्याकडे पाठव."

मग तिनं कात्रीचं काम उलटं केलं. आता वाक्यं कापायची नाहीत, त्यांतले खुणेचे शब्द तेवढे कापून काढायचे. पेपर, धडे, औषधाच्या खोक्यातला कागद, काही म्हणून सोडलं नाही. दादा सकाळी पेपर उघडायचा तर तो चाळणी झालेला. "या भोकातून मला तू दिसतेस, बातमी दिसत नाही," असं तो म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य ते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलगी भोकं पडलेला कागद घेऊन बसायची. मोठ्यानं वाचायला बंदी. या भोकात काय होतं, आणि तेच कशावरून, एवढं सांगायचं. सुरुवातीला ती रडली. "मामी, शब्द तूच काढलास, तूच सांग ना." मामी भाजी चिरत राहायची. हळूहळू रडणं थांबलं आणि मुलगी गप्प गप्प राहायला लागली. घरी मशीनशेजारी वाचायला बसली तरी मध्येच थांबायची, मागे जायची. ब्लाउजवाल्या बायका विचारायला लागल्या, पोरीला बरं नाही का? होतं तेही गेलं, असंच मला वाटत होतं.

परीक्षेच्या दिवशी वहिनी मुद्दाम आपल्या वर्गात थांबली. मी मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. दार अर्धं उघडं होतं. मुलगी वाचायला लागली, इतकं हळू की मला उठून तिला मागून ढकलावंसं वाटलं. उतारा असा होता: शाळेच्या पाण्याच्या टाकीत पिसं सापडली. शिपायानं टाकीवर बुजगावणं उभं केलं. दोन दिवस कबुतरं लांब बसली. तिसऱ्या दिवशी ती बुजगावण्याच्या खांद्यावर येऊन बसली.

इथे ती थांबली, आणि चक्क हसली. मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं.

"का हसलीस?" आतून आवाज आला.

"कबुतरांना कळलं ना, हा काही करत नाही ते. शिपायाला वाटतंय उपाय झाला, पण अडचण तशीच आहे. आता तो दुसरं काहीतरी करेल." पुढचं तिनं वाचलं. शिपायानं टाकीला झाकण बसवलं.

"मग हा उतारा कबुतरांबद्दल आहे तर."

"नाही बाई, झाकणाबद्दल आहे. ते आधीच घातलं असतं तर उताराच झाला नसता."

मुख्याध्यापिका मोठ्यानं हसल्या. मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, "सहावी." मी तिला जवळ घेतलं आणि भर दुपारी शाळेच्या वऱ्हांड्यात रडले, लाजबीज न बाळगता.

मधली सुट्टी झाली तशी वहिनी जिना उतरून भरभर आली. पास की नापास, एका शब्दानं विचारलं नाही. "उतारा कशाचा होता?" म्हणाली. अशा वेळीसुद्धा हिला उताऱ्याची पडलीये, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तोवर मी सांगायला लागलेही होते. पिसं कुठे सापडली, बुजगावणं का फसलं, झाकण कसं आलं, सगळं, क्रमानं आणि कारणांसकट. बोलता बोलता माझं मलाच नवल वाटलं. इतकी वर्षं लेक माझ्या शेजारी बसून वाचत होती, आणि तिनं काय वाचलं ते मला आज पहिल्यांदा कळलं होतं.