एका वेळी एकच रीळ

शिवणवालीकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते पडदे आखूड करून घ्यायला गेले तेव्हा. उन्हाळ्याची सुट्टी नुकतीच लागली होती. मशीनच्या खणात पांढऱ्या दोऱ्याची तीन रिळं मला स्पष्ट दिसत होती. तिने तो खण कोपराने ढकलून बंद केला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मुलीला हाक मारली, "भिंगरे, पांढरा दोरा संपला. एक रीळ आण." काखेत कळसा म्हणतात तसं काहीतरी मी बोलणार होते, पण तिने मानेनेच मला गप्प केलं.

मुलगी बाहेर आली ती पाय ओढत. अकरा वर्षांची. लहानपणी एका जागी ठरत नसे, म्हणून वडिलांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केलेली. ती जिना उतरून गेल्यावर शिवणवालीने मापं सांगावीत तशा आवाजात सांगितलं, की हिवाळ्यात नवरा कामावर गेला, छातीत दुखलं, संपलं. शाळा होती तोवर मुलगी उठत होती. सुट्टी लागली तशी भिंतीकडे तोंड करून जी निजली, ती निजलीच. जिना चढताना धाप लागते. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, पण चालती-फिरती ठेवा, नाहीतर शाळा उघडेपर्यंत अंथरूण धरेल. खेळायला जा म्हटलं तर जात नाही, कामाला मात्र नाही म्हणत नाही. म्हणून ही युक्ती.

"पडद्यांना दुमड किती ठेवू?" तिने त्याच दमात विचारलं.

तेव्हापासून ऊन तापायच्या आत आणि उतरल्यावर भिंगरी माझ्या खिडकीखालून जाताना दिसायची. एकदा रीळ, एकदा हुक, एकदा बटणं. कोपऱ्यावरचा दुकानदार थट्टेखोर. "तुझी आई माझं दुकान थोडं थोडं करून घरी न्यायला निघालीय का गं?" असं त्याने तिला विचारलं. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मग तोही सामील झाला आणि सहा बटणं मागितली की पाचच देऊ लागला. ती तणतणत पुन्हा दुकानात जायची. "काका, शाळेत गेला होतात ना?" तो कान पकडायचा. पंधरा-वीस दिवसांत तिची धाप कमी झाली. शिवणवाली मात्र मशीनवरून हलत नव्हती. भाजी शेजारीण आणायची, शिवलेले कपडे भिंगरी पोचवायची.

पडदे तयार झाल्याचा निरोप आला म्हणून गेले, तेव्हा ती मुलीला काळ्या दोऱ्यासाठी पाठवत होती. मुलीने खण उघडला आणि काळं रीळ काढून मशीनवर ठेवलं.

मशीन थांबलं. कधी कळलं, असं आईने विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मग जात का होतीस?"

"तू दिवसभरात तेवढंच बोलायचीस माझ्याशी."

मी पडद्यांची घडी उगाच मोडून पुन्हा घातली. मुलगी म्हणाली, "आता तू चल. मी येते सोबत."

शिवणवालीने पलंगाखालून चपला ओढल्या. त्यांवर हिवाळ्यापासूनची धूळ होती. दोघी कोपऱ्यापर्यंत गेल्या, मी दहा पावलं मागे. आई दुकानाच्या फळीला हात टेकून उभी राहिली, कारण आता धाप तिला लागली होती. काही न घेता दोघी परतल्या. रडारड झाली नाही, कुणी कुणाला जवळ घेतलं नाही. ऊन फार आहे, एवढंच ती म्हणाली आणि मशीनवर बसली. दुसऱ्या दिवशी मुलीने आईच्या चपला आधीच दाराशी काढून ठेवल्या होत्या. सुट्टी संपेपर्यंत हे रोज चाललं.

शाळा उघडली, भिंगरी जाऊ लागली. एकदा रस्त्यात भेटल्यावर मी शिवणवालीला विचारलं, आता बरं वाटतं का?

"वाटत काहीच नाही, बाई," ती म्हणाली. "चालते आपली."

हल्ली ती गणवेशांच्या कारखान्यात कापड कापायच्या टेबलाशी असते. आठ तास उभ्याने काम आहे.