साडीवर मास्क मोफत

“तोंड माझं, कापड तुमचं, मग खोट तोंडातच कशी?” असं पूर्णिमा एकदाच म्हणाली. मालक मारुतीराव हसले. कळलं म्हणून नव्हे. गिऱ्हाईक दुकानात असलं की ते कशालाही हसत.

शहापुरात मारुतीरावांचं साड्यांचं दुकान आहे. तिथं पूर्णिमा पुढच्या गादीवर साड्या दाखवायची. पुढच्या, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण मागेही एक खोली आहे. तिला खिडकी नाही. पंखा आहे, पण माल उडतो म्हणून तो लावत नाहीत. तिथं बसलेली बाई दिवसभर घड्या घालते. पूर्णिमाची सुरुवात त्याच खोलीतून झाली होती. अडीच वर्षांनी तिला पुढं आणलं, तेव्हा वडगावात तिच्या आईनं, मालुबाईनं, गल्लीत पेढे वाटले. पोरगी उजेडात आली, एवढंच कारण.

दुसरी लाट ओसरून दुकानं उघडली. कोल्हापूरकडचं गिऱ्हाईक कोगनोळीला राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर कागद दाखवत थांबलेलं, इकडचं घरात दडलेलं. संकटात कुणाला देव आठवतो; मारुतीरावांना कटपीस आठवले. साडीच्या उरल्यासुरल्या तुकड्यातून त्याच रंगाचा, त्याच काठाचा मास्क. साडीवर मोफत. जरीचा काठ बरोब्बर नाकावर.

तो घालून दाखवायचा पूर्णिमानं. हिरवी साडी उलगडली की हिरवा मास्क, जांभळी उलगडली की जांभळा. दिवसाला दहा-बारा मास्क तिच्या तोंडावरून जायचे. संध्याकाळी ते टाचणीनं परत आपापल्या साडीला लागायचे आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या नवरीच्या घरी जायचे. रोगापासून बचाव म्हणून.

मास्क धुवावा, हे पूर्णिमाच्या मनातसुद्धा आलं नाही. ती विणकराची पोर. विकायच्या कापडाला पाणी लागलं की तजेला गेला, आणि तजेला गेला की कापड जुनं झालं, हे तिला चालायच्या आधी कळलेलं. तिचा बाप कल्लाप्पा यंत्रमागावर बसायचा. मागाच्या खोलीत कुणी पाण्याचा तांब्या आणला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. सारं जग हात धुवायला शिकत होतं, तेव्हा पूर्णिमा कोरडं, कडक, नवंकोरं कापड तोंडाला लावून घाम गाळत होती.

तिसऱ्या आठवड्यात हनुवटीवर फोड आला. मग गालांवर आले. महिनाभरात मास्कची आकृती चेहऱ्यावर अशी उमटली, की शिंप्यानं तिच्यावरून माप घ्यावं.

सल्ल्यांची लाट तर ओसरायचं नावच घेईना. मालुबाई म्हणाली, “रात्रीचं दही खातीस, पित्त हाय ते.” शेजारणीनं टूथपेस्ट सांगितली. पूर्णिमानं ती आठ दिवस लावली. फोडांना दात असते तर लखलखले असते. कुणी लिंबू सांगितलं, त्यानं रात्रभर आग झाली. चुलती म्हणाली, “लगीन झालं की जातंय गं सगळं.” लग्न हे आपल्याकडचं सर्वांत जुनं मलम आहे. कुठंही लावतात.

मारुतीरावांना काहीच अडचण नव्हती. मास्कमुळं फोड येत होते आणि मास्कमुळंच ते झाकले जात होते. इतका स्वयंपूर्ण धंदा त्यांनीही आजवर पाहिला नव्हता. पण एकदा दुपारी पूर्णिमा कोपऱ्यात डबा खात असताना एका गिऱ्हाइकानं तिचं उघडं तोंड पाहिलं आणि आपली पोर जवळ ओढून घेतली. गिऱ्हाईक गेल्यावर मारुतीराव म्हणाले, “तोंडाचं कायतरी बघ गं. न्हायतर थोडे दिवस आत बस. घड्या घाल.”

थोडे दिवस म्हणजे किती, हे पूर्णिमाला ठाऊक होतं. अडीच वर्षं. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक पायरी चढत होतं, आणि त्याच्यासमोरच ती ते तोंडाचं आणि कापडाचं वाक्य बोलून गेली. मारुतीराव हसले, ते तेव्हा.

अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून ती टिळकवाडीत एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंच्या स्वतःच्या नाकावर मास्कचा वळ होता. त्यांनी विचारलं, “मास्क कुठला घालता?” पूर्णिमानं पर्समधून मोरपंखी मास्क काढला, जरा तोऱ्यातच. बाईंनी कापड दोन बोटांत चोळलं. बोटं पांढरट झाली.

“धुतलाय का हा?”

“नवा हाय की, मॅडम.”

“खळ आहे यात. घामानं चिकट होते, कातडीची छिद्रं बुजतात. वर ही काठाची जर घासतेय. जुनं मऊ सुती कापड वापरा, रोज धुवा. साध्या साबणानं तोंड धुवा, दोनदाच. मलम देते, रात्री लावा. आणि टूथपेस्ट दातांना लावा.”

खळ! ज्या पिठाळ वासात ती पाळण्यात झोपली होती, तोच वास महिनाभर नाकाशी होता आणि ओळखू आला नव्हता. आपल्याच घरची गोष्ट दुसऱ्याच्या दुकानातून आली की माणूस तिला नवी समजतो.

घरी येऊन तिनं बापाला गाठलं. कल्लाप्पा म्हणाला, “सुताला खळ लावावीच लागतीया, न्हायतर तुटतंय. पण तुमच्या दुकानाच्या मालाला वरनं आणखी दाट लावा म्हणून तुझा मालकच सांगतोय. साडी हातात भरीव लागाय पायजे म्हणं.”

“मग मला का सांगितलं न्हाय, आप्पा?”

“तू ती तोंडाला लावतीस, हे मला कुठं ठावं?”

मालुबाईनं आपलं जुनेर फाडून चार मास्क शिवले. रंग उडालेले, मऊ. पूर्णिमा ते घालून दुकानात बसू लागली. लग्नं पुढं ढकललेली, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून हप्ताभर खपलं. हनुवटीवरचे फोड सुकू लागले.

आणि निपाणीच्या बायाक्का बस्ता बांधायला आल्या. घरात तीन लग्नं. मारुतीरावांनी जुनेराकडं पाहिलं आणि दात आवळून म्हणाले, “काढ ते पोतेरं. आक्कास्नी हिरवी दाखव. मास्क लावून. न्हायतर आत जाऊन बस.”

पूर्णिमानं जुनेराचा मास्क काढून डब्याच्या पिशवीत ठेवला. बायाक्कांनी तिचं तोंड निरखलं. “काय झालंय गं पोरीला?”

“पित्त, आक्का,” मारुतीराव म्हणाले.

पूर्णिमानं साडीची टाचणी काढली. हिरवा मास्क हातात घेतला. पाहुण्यांसाठी ठेवलेला पाण्याचा तांब्या पुढं ओढला, मास्क त्यात बुडवला आणि पिळला. तांब्याखालच्या ताटलीत दुधासारखं पाणी उतरलं. तिच्या हातात राहिलं ते निपचित चिंधीसारखं काहीतरी. तिनं ते बायाक्कांच्या पुढ्यात पांढऱ्या गादीवर ठेवलं.

मारुतीरावांचं हसू तेवढं सवयीनं जागेवर राहिलं.

बायाक्कांनी चिंधी उचलली, उलटीपालटी केली. “अगं, खळ हाय ही. नव्या कापडाला असतीयाच की. भिजलं न्हवं हे? मारुतीराव, दुसरा द्या. आणि साडीला फॉल तुम्हीच लावून द्यायचा बघा.”

“व्हय आक्का, लावू की!” मारुतीराव इतके मनापासून म्हणाले, की त्यांना कधी नव्हे ते गिऱ्हाइकाबद्दल प्रेम वाटलं असावं. त्यांनी जांभळ्या साडीवरचा मास्क काढून पूर्णिमापुढं धरला. “घाल गं. आक्का थांबल्यात.”

आक्का खरोखरच थांबल्या होत्या. त्यांच्यासोबतच्या दोघी पोरीही माना वर करून बघत होत्या. मागच्या खोलीचं दार नेहमीसारखं अर्धं उघडं होतं.

पूर्णिमानं हात पुसले. पिशवीतून जुनेराचा मास्क काढून कानांवर अडकवला, डब्याची पिशवी उचलली. मारुतीरावांचा हात तसाच पुढं होता, त्यात तो जांभळा तुकडा ताठ उभा.

“कुठं चाललीस?”

ती पुढच्या दारानं पायऱ्या उतरली.