शिवशरण अण्णांचे मळे

शिवशरण अण्णा शिंपी होते, पण त्यांना तसं म्हटलेलं आवडत नसे. शिवणकाम पोटासाठी, खरं काम फळ्याचं. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दुकानाबाहेर एक काळा फळा टांगलेला असे. सकाळच्या प्रादेशिक बातम्या संपल्या की शेवटी हवामान सांगत. अण्णा ट्रान्झिस्टरला कान लावून ते ऐकत, मग खडू घेऊन बाहेर येत आणि सुवाच्य अक्षरात ते पेठेच्या माहितीसाठी लिहीत. पेठेनं हे काम त्यांना कधी सांगितलं नव्हतं, पण अण्णांनी ते मनावर घेतलं होतं.

फळा सुरू झाला बहात्तरच्या दुष्काळात. तेव्हा माणसं दुकानापुढं थांबून वाचत. वर्षभर अण्णांनी रोज 'हवामान कोरडे राहील' लिहिलं, आणि काही लोक पाऊस न पडण्याचा दोष ढगांऐवजी अण्णांना देऊ लागले. पण वाचत होते! लेखकाला आणखी काय पाहिजे?

पुढं पाऊसपाणी बरं झालं आणि वाचक गळाले. त्यातून शहात्तर सालचा फाल्गुन म्हणजे अण्णांच्या प्रतिभेची कसोटीच. थंडी शिव शिव म्हणत गेलेली, ऊन अजून अंगावर न आलेलं, वारा मंद, ढगाचा ठिपका नाही. कमाल चौतीस, किमान अठरा, हवामान कोरडे. सलग नऊ दिवस तेच. आदल्या दिवशीची तारीख पुसून नवी घातली की काम संपलं. इतक्या चांगल्या हवेनं माणूस कंटाळतो, हे अण्णांकडं बघून कळत होतं.

घरात तर त्यांच्या फळ्याला कधीच भाव नव्हता. त्यांची बायको रुद्राणीबाई दुधनीची. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि लिहिणं-वाचणं कुठल्याच भाषेत नाही. पावसाचं ती आईच्या गुडघ्याला विचारी. म्हातारीचा गुडघा दुखला की वाळवण आत. तीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला हवा कशी आहे एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

पण त्या साली जगदेवीचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि म्हातारी गुडघ्यासकट दुधनीला गेलेली. रुखवतात कुरडया ठेवायच्या तर गहू तीन दिवस भिजवायचा, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा आणि पाचव्या दिवशी पहाटे शिजवून उन्हात घालायचा. एकदा गहू पाण्यात पडला की मागं फिरता येत नाही. त्या दिवशी ऊन नसेल तर चीक आंबतो, वास मारतो, सगळा गहू वाया. सोमवारी रात्रीची भाकरी वाढताना रुद्राणीबाईंनी विचारलं, "अवो, शनवारपत्तूर पाऊस न्हाय न्हवं?"

अण्णांचा घास हातातच राहिला. मग ते घसा साफ करून म्हणाले, "न्हाय. भिजव तू गहू."

मंगळवारी सकाळी दहा शेर गहू पाण्यात पडला. त्या दिवसापासून अण्णांचे पाय जमिनीवर टेकत नव्हते. त्याच आनंदात गुरुवारी ते सायकलवर अक्कलकोट रस्त्यानं फेरी मारून आले. विहिरीच्या पाण्यावर पिकलेले हिरवेगार मळे बघून त्यांच्यातला साहित्यिक जागा झाला. शुक्रवारी नेहमीची ओळ लिहून झाल्यावर त्यांनी खाली ठसठशीत अक्षरात आणखी एक जोडली: 'शनिवारी अक्कलकोट रस्त्याकडे मळे. अवश्य पाहावे.'

शेजारचा किराणेवाला चनबसप्पा मोठ्यानं वाचल्याशिवाय वाचू शकत नसे. तो पहिली ओळ नेहमीप्रमाणे गाळून दुसरी खड्या आवाजात वाचू लागला. दुकानासमोर पाणी भरणाऱ्या बायका निम्म्याहून जास्त कानडी बोलणाऱ्या. कानडीत मळे म्हणजे पाऊस. गल्लीत त्याला मळी म्हणतात, पण एका मात्रेसाठी कोण अडतंय? अक्कलकोटच्या बाजूनं, शनिवारी, मळे. घागरी भरायच्या आत शनिवारी पाऊस येणार ही बातमी गल्लीच्या टोकाला गेली.

"शनवार मळी बरतद!"

अण्णांच्या कानावर हे पडलं नाही असं नाही. पण फळ्याशी असले की ते शुद्ध मराठीतच विचार करत आणि कानडीला दुकानाची पायरी चढू देत नसत. शिवाय त्या दिवशी फळ्यापुढं ही गर्दी! महादेवी, पलीकडच्या घरातली, काळजीनं पुढं आली.

"अण्णा, मळे नक्की का?"

"नक्की म्हंजे? मी सोता बघून आलोय."

"लई हाय?"

"लई! नजर पोचंल तितं."

"दुपारपत्तूर हितं?"

"हितं कशाला यील? आपुन जायाचं तितं," अण्णा हसून म्हणाले. महादेवीला वाटलं, अण्णा धीर देण्यासाठी थट्टा करताहेत. ती पदर खोचून घरी गेली आणि तिनं पापडाची मळलेली पिठं झाकून ठेवली. अण्णा मात्र मशीनवर बसून गुणगुणत होते. शेवटी मराठी गद्यानं पेठ जिंकली होती.

शनिवारी लग्नसराईच्या कामासाठी ते घरात चूल पेटायच्या आतच दुकानात आले. आठ वाजता ऊन असं स्वच्छ पडलं की सुईचं नेढं लांबून दिसावं. आणि गल्लीतल्या एकाही घराच्या माळवदावर वाळवण नाही! ना पापड, ना सांडगे. महादेवी दारातून हात नाचवत म्हणाली, "मळी कुटं हाय, अण्णा? पिठं आंबली की आमची!"

अण्णांनी फळ्याकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची ओळ कानडीत वाचली. पिठं काय, उद्या पुन्हा मळता येतील. मागच्या गल्लीत, घरी, दहा शेर गव्हाचा चीक होता. जगदेवीचं रुखवत होतं. कधी न विचारणाऱ्या बाईनं एकदा विचारलं होतं, आणि तिच्याच कानावर गल्लीनं हे घातलं असणार. दुकान उघडं टाकून अण्णा चपला हातात घेऊन पळाले.

ते शिडीनं माळवदावर चढले तेव्हा अर्धं माळवद पांढऱ्या कुरडयांनी भरलेलं होतं. रुद्राणीबाई जुन्या लुगड्यापुढं बसून सोऱ्या दाबत होत्या.

"तुला कुनी सांगितलं न्हाय?" अण्णांना धाप लागली होती.

"सांगितलं की. काल चौघी येऊन गेल्या. तुमच्या फळ्यावर पाऊस हाय म्हनून."

"मग?"

"मग काय? फळा पेठंचा हाय. मला कुटं वाचाय येतंय?" त्यांनी एक वेटोळं पुरं केलं. "मला तुमी तोंडानं सांगितलं हुतं, न्हाय येत म्हनून."

अण्णांचे डोळे भरून आले, ते त्यांनी उन्हावर ढकललं.

"हुबं काय ऱ्हायलाय? सोऱ्या धरा. हात भरून आलेत माझे."

अण्णा बसले. त्यांनी घातलेली पहिली कुरडई बघून रुद्राणीबाई म्हणाल्या की ही रुखवतात नको, आपणच खाऊ. दुसरीही तशीच झाली. आभाळ निळंभोर होतं, वारा मंद होता, रेडिओनं सांगितल्यात काडीचा फरक नव्हता. तरी अण्णा सारखे मान वर करून अक्कलकोटच्या दिशेला बघत होते. इतकी वर्षं हवामान सांगितलं, पण त्याची भीती अशी आजच वाटत होती. कुरडयांच्या कडा लुगड्यावरून सुटायला लागेपर्यंत माणूस माळवदावरून हलला नाही.