सुभेदारांचा अर्ज आणि माझं मानपत्र

जपानमधल्या सेंदाईत आमच्या घरापासून दोन बसस्टॉप पुढे एक भारतीय हॉटेल होतं. मालक वयस्कर जपानी गृहस्थ, तर आचारी जन्माने नेपाळी, भारतीय लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. बरीच वर्षं पुण्याच्या छावणीत काढल्यामुळे मराठी झकास बोलायचे. इतकी वर्षं आपल्या सैन्यात होते म्हणजे पासपोर्टही आपलाच असणार, असं मी धरून चाललो होतो. तो निघाला नेपाळचा.

“भारतात राहायला मला कुणी अडवत नाही, भाऊ,” ते म्हणाले. “पण बायको-पोरगी इथं रुळल्यात.”

अडचण अशी, की मालकांचे गुडघे गेले होते. त्यांना हॉटेल बंद करायचं होतं. पण हॉटेल गेलं की सुभेदारांचा आचाऱ्याचा व्हिसाही गेला. म्हणून मालक लंगडत रोज शटर उघडायचे आणि सुभेदारांना ते बघवायचं नाही. शेवटी कायम वास्तव्यासाठी अर्ज करायचं ठरलं. मला ते आधीच मिळालेलं असल्याने हमीदार मी. ‘इथे का राहायचंय’ हे पत्र लिहायचं कामही मी हौसेने अंगावर घेतलं.

इथल्या आमच्या मराठी मंडळात पाहुण्यांची मानपत्रं मीच लिहितो. हात त्याच वळणाने गेला. हिमशिखरं, गस्त, पदकं, अशी चार पानं झाली. जपानीत उतरवताना माझ्या मुलीने एकदाच विचारलं, “बाबा, हे खरंच द्यायचंय?”

सुभेदारांनी कांदे चिरता चिरता सगळं ऐकलं. मग म्हणाले, “भाऊ, हे मी वारल्यावर वाचा. ती चाकरी तिकडची. इथं काय केलं ते लिहा.”

ते मला कुठून ठाऊक असणार? २०११च्या मोठ्या भूकंपानंतर चौथ्या दिवशी मी सहकुटुंब पुण्यात वरणभात खात होतो. ‘आठवडाभरासाठी’ म्हणून गेलो, तो दोन महिन्यांनी परतलो. मग मालकांनाच विचारलं. त्यांनी सांगितलं, की तेव्हा हॉटेलातले सिलिंडर आसऱ्याला आलेल्या लोकांसाठी शाळेच्या हॉलमध्ये नेऊन सुभेदार रोज पहाटेपासून डाळभात शिजवायचे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मिरची बंद केली. चवीसाठी नव्हे, तिखट लागलं की लोक पाणी पितात आणि पाणी कमी होतं. स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवायचे.

सुभेदारांनी स्वतःच, साध्या जपानी अक्षरांत, सात ओळींचं पत्र लिहिलं. हमीपत्रावर सही करताना माझी मान जरा खालीच होती. पळालेला माणूस थांबलेल्याची हमी देत होता.

बऱ्याच महिन्यांनी व्हिसाच्या कचेरीतून बोलावणं आलं. कचेरीतून सुभेदार इस्त्रीच्या कोटातच थेट हॉटेलात आले, मालकांसमोर कायम वास्तव्याचं कार्ड ठेवलं आणि म्हणाले, आता गुडघ्यांसाठी दवाखान्याची तारीख घ्या.

मालकांनी चष्मा लावून कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं. दुपारची गिऱ्हाइकं जाऊ देत, मग बघू, म्हणाले.

सुभेदारांनी काउंटरवरचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला.