गजेंद्रची थांबलेली गाडी

गजेंद्र आमच्या प्रेसमध्ये काम मागायला आला, तेव्हा मी त्याला एकच गोष्ट विचारली होती: मराठी टायपिंग येतं का? त्यानं उत्तर म्हणून आदल्या दिवशी पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट सांगितली. शेवट त्याला पटला नव्हता, म्हणून स्वतःचा लावून सांगितला. मला सिनेमाचं काडीचं वेड नाही. नवरा गेल्यापासून हा प्रेस मी एकटी चालवते, मला तेवढा वेळही नाही. पण पत्रिका न्यायला आलेली दोन माणसं पत्रिका हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि गोष्ट संपल्यावरच गेली. मी त्याला ठेवून घेतलं. याला आता पंधरा वर्षं झाली.

अमरावतीत आमचा प्रेस मानपत्रांसाठी ओळखला जातो. आमच्याकडे माणसाला मुकाट्यानं रिटायर होऊ देत नाहीत. शिक्षक असो, लाइनमन असो की कंडक्टर, त्याला मंडपात बसवायचं, शाल-नारळ द्यायचं आणि सोनेरी चौकटीतलं मानपत्र माइकवर वाचायचं. मजकूर ठरलेला. ज्याला सगळं ऑफिस घाबरायचं त्याला शिस्तप्रिय म्हणायचं, ज्यानं कधी काही केलंच नाही त्याला मितभाषी. गजेंद्र हे काम झोपेत केल्यासारखं करायचा आणि उठल्यावर चिडायचा.

"काकू, मी लेखक हाये का अत्तरवाला? जो येईन त्याच्यावर शिंपडून राहिलो."

"शिंपड बाप्पा. संध्याकाळी न्यायला येणार आहेत," मी म्हणायची.

लेखक होता तो, यात शंका नाही. टेबलाच्या खालच्या खणात त्याच्या वह्या होत्या, एकाच सिनेमाची कथा पाच वेळा लिहिलेली. शुक्रवारी दुपारी तीन तास सुट्टी, ही त्याची कामावर लागतानाचीच अट. थिएटरमधून परत आला की डोळे असे लाल, जणू कुणाच्या मयतीला जाऊन आला. मग दोन दिवस कामात चुका. गिऱ्हाइकांच्या गोष्टी रचायचा. एक मुलगी लग्नपत्रिकेतली तारीख बदलायला तिसऱ्यांदा आली, तर ती गेल्यावर म्हणतो, "हिले लग्नच नाही करायचं. पोरगा कंटाळून सोडून देईन, याची वाट पाहून राहिली." मी त्याला झापलं. पत्रिका छापल्या आणि त्या गठ्ठ्यानं आमच्याकडेच पडून राहिल्या. लग्न मोडलं होतं.

मुंबईला जायचं त्याचं तीनदा ठरलं. एकदा वडिलांना अर्धांगवायू झाला, एकदा त्याचं स्वतःचं लग्न निघालं. तिसऱ्यांदा मी आडवी आले. लग्नसराई तोंडावर होती आणि माझ्याकडे दुसरा माणूस नव्हता. "पुढच्या वर्षी जा," मी म्हटलं. तो बरं म्हणाला आणि परत मशीनवर बसला. त्यानं भांडायला हवं होतं. भांडला असता तर मी सोडलंही असतं कदाचित.

त्याच्या सिनेमातला एक प्रसंग मी इतक्यांदा ऐकला होता की मला पाठ होता. दर्यापूरकडच्या एका फाट्यावरून बारावीची मुलगी पेपरला निघालेली असते. बसमध्ये चढल्यावर तिला कळतं की हॉल तिकीट घरी राहिलं. घर एक किलोमीटर आत. ती रडतसुद्धा नाही, नुसती दारात उभी राहते. कंडक्टर दोनदा नाही, एकदाच घंटी मारतो. गाडी थांबते. "जाय पोरी, घेऊन ये, आमी हाओत." बावन्न प्रवासी खाली उतरून कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसतात. आणि कंडक्टर ड्रायव्हरला सांगतो, दर मिनिटाला एक लांब हॉर्न दे. म्हणजे पळताना तिला कळत राहील की गाडी आहे, गेलेली नाही.

मला सिनेमाचं वेड नाही, पण त्या हॉर्नपाशी माझ्या हातातलं काम दरवेळी थांबायचं.

खरी गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली, नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी. ती मुलगी म्हणजे त्याची धाकटी बहीण अपेक्षा. हॉल तिकीट तिचंच राहिलं होतं. ती घरी पळाली, परत येईतो गाडी निघून गेली. त्या दिवशी गजेंद्र तिला मोटारसायकलवर सेंटरपर्यंत सोडणार होता. पण पहाटेच, कॉलेजात फॉर्मचं काम आहे असं घरी सांगून, तो अमरावतीला पहिल्या दिवसाचा पहिला खेळ पाहायला गेला. पेपर बुडाला. शिक्षण थांबलं आणि त्याच मे महिन्यात अपेक्षाचं लग्न झालं, आकोटकडच्या एका गावी. आता तिला दोन मुलं आहेत. तो सिनेमाला गेल्याचं घरात कुणालाच माहीत नाही, असं तो म्हणाला.

"पडद्यावर तरी थांबली पायजे ना काकू गाडी. तिले थेटरात बाजूले बसवून दाखवीन."

एवढीच त्याची इच्छा होती. पुरस्कार नको, नाव नको. नाव हवं होतं खरं म्हणजे, पण ते त्यानंतर.

आता माझा गुन्हा सांगते. गेल्या वर्षी जूनमध्ये सहदेव नावाचे एक ड्रायव्हर आले. अकोल्याचे कंडक्टर देवमन खंडारे रिटायर होत होते, त्यांचं मानपत्र हवं होतं. गजेंद्रनं वही उघडली आणि विचारलं, माणूस कसा आहे?

"चांगला हाये."

"एखादा प्रसंग सांगा."

सहदेवनं बराच विचार केला. "डबा वेळेवर खाते," म्हणाले.

फ्रेम दुपारी चारला न्यायची होती. गजेंद्रचं डोकं फिरलं होतं, कारण तो शुक्रवार होता आणि मी त्याची सुट्टी कापली होती. "काही सुचून नाही राहिलं," तो म्हणाला. मी ओरडले, "एवढे कंडक्टर-फंडक्टर लिहितोस वह्यांमध्ये, त्यातलं टाक काहीतरी." मी रागात बोलले आणि त्यानं रागात टाकलं. धुरा, बावन्न प्रवासी, हॉर्न, सगळं. मी प्रूफ वाचलं. हॉर्नपाशी परत थांबले. मी लॅमिनेशनला पाठवून दिलं.

मंडपात कुणी हरकत घेतली नाही. सहकाऱ्यांना वाटलं, देवमननीच कधीतरी प्रेसवाल्याला सांगितलं असेल. देवमनना वाटलं, सहकाऱ्यांनी सांगितलं असेल. कुणीतरी वाचनाचा व्हिडिओ काढला आणि तो अकोला जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरला. पंधरा दिवसांत अकोल्याची एक नर्स पेढे घेऊन देवमनच्या घरी आली, पाया पडली आणि म्हणाली, "काका, ते पोरगी म्हणजे मीच." तिचाही व्हिडिओ निघाला. आमच्याकडे मानपत्रांची रीघ लागली. प्रत्येकाला प्रसंग हवा होता.

गजेंद्र तेव्हा हसला होता. "काकू, माह्या सिनेमाची जाहिरात झाली समजा." मीही हसले. आम्हा दोघांनाही अक्कल नव्हती.

डिसेंबरमध्ये मुंबईची एक सिनेमा कंपनी अकोल्यात कथा ऐकायला आली. हॉटेलचा हॉल, समोर तीन परीक्षक, प्रत्येकाला दहा मिनिटं. मलाही अकोल्याला प्रेससाठी कागद बघायचा आहे, असं सांगून मी त्याच्यासोबत गेले. कागद कुणाला बघायचा होता! मला त्याला सांगताना बघायचं होतं.

छान सांगितलं त्यानं. हॉर्नच्या जागी हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. संपल्यावर मधल्या परीक्षकानं चष्मा काढला आणि म्हणाला, "फारच सुंदर. ही इथली, अकोल्याची सत्यघटना आहे ना? खंडारे कंडक्टरांची?"

"नाही जी. मी लिहिली हाये. अकरा वर्षांपासून लिहून राहिलो."

परीक्षक समजुतीनं हसला. मोबाइल काढून त्यानं नर्सचा व्हिडिओ लावला. ती बिचारी रडत होती, हॉर्नचं सांगत होती. बाकीचे दोघे गजेंद्रकडे चोराकडे बघावं तसं बघायला लागले. वह्या दाखव म्हणावं, तर वहीवर तारखा कोण घालतं?

"ते मानपत्रबी मीच लिहिलं," गजेंद्र म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "ह्या आमच्या काकू. यांचाच प्रेस हाये. विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला आठवलं, किती घरांच्या भिंतींवर आमच्या फ्रेमा आहेत. आमचा प्रेस माणसांच्या आयुष्यात खोटे प्रसंग घालतो, हे एकदा फुटलं की संपलंच. मी म्हटलं, "मानपत्र याच्याच हातचं आहे. मजकूर गिऱ्हाइकानं दिलेला असतो." हे बोलताना मला नीट कळत होतं मी काय करतेय. तरी बोलले.

गजेंद्र माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही, तेच वाईट.

परीक्षक चांगला माणूस होता. म्हणाला, कथा घेऊ, पण सत्यघटना म्हणूनच घेऊ, लोकांना तेच आवडतं. त्यानं एक फॉर्म दिला. त्यावर देवमन खंडारेंची संमती आणायची. मूळ घटना, देवमन खंडारे. गजेंद्रचं नाव खाली, शब्दांकन म्हणून.

आम्ही तिथूनच रिक्षा करून देवमनच्या घरी गेलो. बैठकीच्या खोलीत भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या शेजारी आमची फ्रेम. देवमनच्या बायकोनं, मैनाबाईंनी, आम्ही कोण ते ऐकल्यावर चहाबरोबर चिवडाही आणला. त्या आत गेल्यावर गजेंद्र हळूच म्हणाला, "काका, ते मी मनानं लिहिलं होतं."

"मले माहीत हाये ना जी," देवमन म्हणाले. "मंडपात वाचून राहिले तवाच समजलं, हे आपलं नाही. उठून सांगणार होतो. तेवढ्यात हिच्याकडं नजर गेली. पस्तीस वर्षांत तिनं माह्याकडं तसं कधी पाह्यलं नव्हतं. मंग कसा उठू?"

"आन् ते नर्स?"

"तिले काय म्हणू? थांबवलीबी असंन मी एखाद्या वेळी. एवढी वर्षं गाड्या थांबवल्या, किती ध्यानात ठेवू?" आणि लगेच म्हणाले, "तुमचं काम अडलं असंन तं सही करतो. कुठं करू सांगा."

त्यांनी केलीसुद्धा. गजेंद्रनं फॉर्मची घडी खिशात ठेवली. आपली सही केली नाही. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत तो फॉर्म खिशातून काढत आणि परत ठेवत राहिला. मग म्हणाला, "काकू, सही केली तं गोष्ट त्याची. नाही केली तं कोणाचीच नाही. माह्यी कशानंच होत नाही."  मला माफी मागायची होती, मी तिकिटाचे सुट्टे मोजत बसले.

जानेवारीतल्या एका दुपारी आम्ही दोघंच प्रेसमध्ये होतो. तो नांदगाव पेठच्या एका कारखान्यातल्या फोरमनचं मानपत्र टाइप करत होता. फॉर्म तसाच होता, मुदत दोन दिवसांवर आली होती. फोन वाजला. हात कीबोर्डवर होते म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकला. अपेक्षा होती.

"दादा, एक व्हिडिओ माह्याकडं आज आला, तुले पाठवला, पाह्यला काय? आपल्याच फाट्यावरचा वाटते. असाबी कंडक्टर असते पाह्य. हॉर्न वाजवत होते म्हणे तिच्यासाठी." मग म्हणाली, "मीबी गाडीचा आवाज आयकत पळत होती रे त्या दिवशी. तो गाडी गेल्याचा आवाज होता. तिच्यासाठी थांबली, माह्यासाठी काहून नाही थांबली?"

गजेंद्रचे हात कीबोर्डवरच राहिले. "अपू, ते खरं नाही. ते मी लिहिलं हाये. तुह्यासाठी लिहिलं."

ती हसली. "काहीबी सांगते. ते नर्स रडून राहिली त्याच्यात."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी थांबले नाही. फोनजवळ तोंड नेऊन म्हटलं, "अपेक्षा, मी शकुनकाकू. हा खरं बोलतोय. मी साक्षीला आहे. अकरा वर्षं ऐकतेय मी ती गोष्ट, ती तुझीच आहे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. अपेक्षा गॅस बंद करून परत फोनवर आली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, तुमी मले आईसारख्या. दादानं तुमाले असं बोलाले लावलं ना? मले बरं वाटावं म्हणून? त्याच्या मनाले काय खाऊन राहिलं, तेबी मले माहीत हाये. तो त्या दिवशी सिनेमाले गेला होता. शर्ट धुवाले घेतला तं खिशात तिकीट भेटलं. सतरा वर्षं झाली, कोणाले नाही सांगतलं मी. तुमीबी त्याले सांगू नका, मले माहीत हाये म्हणून. उगीच जिवाले लावून घेईन तो."

फोन स्पीकरवरच होता.