क्रॉसिंगची भाकरी

गाडी रखडली की ज्याचा चेहरा उजळतो असा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात एकच, आणि ते म्हणजे तुमच्या आईचे वडील, माझे व्याही. मी आयुष्यभर घड्याळाप्रमाणे चालले, ते पॅसेंजरप्रमाणे. दौंड-मनमाड लाइनीवर पूर्वी एकच रूळ होता. समोरून गाडी यायची असली की आपली गाडी एखाद्या लहान स्टेशनात बाजूच्या रुळावर घेत आणि ती जाईपर्यंत सगळे बसून राहत. याला क्रॉसिंग म्हणतात. इतर लोक तेव्हा कपाळाला हात लावत, हे डबा उघडत. डब्यात एक भाकरी नेहमी जादा, समोर बसेल त्याच्यासाठी. नाव विचारायच्या आधी अर्धी भाकरी त्याच्या हातात असे. समोरची गाडी धडधडत गेली की तिच्यात आपलेच पाहुणे असल्यासारखा हात हलवत. तुमच्या आईबाबांच्या लग्नात अरुंद गल्लीत समोरून दुसरी वरात आली, तेव्हा यांनी आपल्या नवरदेवाची घोडी खुशाल पिठाच्या गिरणीत वळवली. "मेल जाऊ द्या, आपल्याला कसली घाई?" तुमचे इकडचे आजोबा संतापले, पण घोडी मात्र सांडलेलं पीठ चाटत निवांत उभी होती.

तुमची तिकडची आजी गेली, तेव्हा भेटायला येणाऱ्यांना ते एवढंच म्हणत, "ती मेल, मी पॅसेंजर. तिला आधी लाइन दिली." मग भाकरी थापायला ते स्वतःच शिकले. एकट्यासाठी थापायच्या, तरी क्रॉसिंगची एक जादा असेच. तुमची आई परदेशी, घर रिकामं. बोलायला माणूस हवा म्हणून हा गृहस्थ कामाशिवाय राहुरीपर्यंत जाऊन परत येई.

आणि मग दुसरा रूळ पडला. सगळ्यांची सोय झाली, माझीही झाली. ते मात्र एक दिवस दारात येऊन म्हणाले, "विहीणबाई, उद्या जरा बरोबर येता का? भाकरी परत येतेय हल्ली."

मी थर्मास, नॅपकिन आणि छत्री घेऊन गेले. विळद स्टेशनाच्या आधी त्यांनी सवयीने डबा उघडला. जुन्या दगडी स्टेशनाला कुलूप होतं. गाडी जेमतेम थांबली, तेवढ्यात खिडकीशी पेरूवाली आली. ती यांना ओळखत होती.

"आजोबा, आज बी क्रॉसिंग न्हाई."

"मग तुझे पेरू गं?"

"पेरू काय थांबत्यात व्हय कुनासाठी? आमी बी आता दुपारनं नगरला बसतो. तिथं लई गर्दी, पन बोलाया कुनाला येळ न्हाई."

ती आणखी काही सांगत होती, पण गाडी हलली. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी सुसाट गेली. यांनी हात वर केला, तोवर ती गेलीही होती. समोरचा मुलगा कानात वायरी घालून डोळे मिटून बसला होता. यांनी भाकरी पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि डब्याचं झाकण दाबून लावलं.

त्या दिवसापासून रविवारी संध्याकाळी ते माझ्याकडे येतात, कारण तेव्हा तुमच्याकडे सकाळ होते आणि तुमचा फोन येतो. मी पाचच मिनिटांत घड्याळ पाहू लागते. ते आरामखुर्चीत मागे रेलतात. "क्रॉसिंग आहे, विहीणबाई. समोरची गाडी आल्याशिवाय आपल्याला सिग्नल नाही."

गेल्या रविवारी फोन आला नाही, तुम्हाला जमलं नसेल. अंधार पडला, मी दिवा लावला. बऱ्याच वेळाने त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात दिली. मी नॅपकिन आणायला उठणार होते, पण उठले नाही.